नहरीच्या शेवटच्या टोकापर्यंत

(मंडळाच्या श्रावणातील स्नेहमेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गेल्या वर्षी याच सभागृहात आपल्यातल्याच एका काकूंनी मुलीकडे हॉलंडला जाऊन आल्यावर फोटो दाखवले होते. अ‍ॅमस्टरडॅमचे कालवे, त्यावरचे पूल, पाण्याकाठच्या उंच अरुंद हवेल्या. फार सुंदर फोटो होते. चहाच्या वेळी कोणीतरी मला म्हणालं, "तुम्ही तर कालव्याच्याच खात्यात आहात, तुम्हीही एखादं कालव्यांचं शहर बघून या आणि बोला." बोलणाऱ्याने थट्टा केली होती. पण मी खरंच एक कालव्यांचं शहर बघून आलो. विमानाने नाही, रात्रीच्या ट्रॅव्हल्सने. नवापूर, धुळे, चाळीसगाव, कन्नडचा घाट, आणि सकाळी छत्रपती संभाजीनगर.

आता तुम्ही म्हणाल, तिथे कुठले कालवे? तिथे तर आठवड्यातून एकदा नळाला पाणी येतं! तेच तर सांगायचं आहे.

आधी शब्दाचा घोळ मिटवतो. मराठीत आपण कालवा म्हणतो. माझा मुलगा सुरतेतच वाढला. लहानपणी आजी ओरडली, "काय कालवा लावलाय रे?" तर तो म्हणाला, "पप्पा लावतात, मी नाही." आपण गुजरातेत तीन पिढ्या राहिलेली माणसं, त्यामुळे आपल्या तोंडात नहेर. आणि गंमत म्हणजे संभाजीनगरातल्या जुन्या वस्तीतले मराठी लोकही कालवा म्हणत नाहीत, नहर म्हणतात. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. पण आमच्या काकरापारच्या नहेरी उघड्या, आकाशाखालच्या. त्यांच्या नहरी जमिनीच्या पोटात. शहर त्यांच्यावर बसलेलं आहे आणि शहराला त्याचा पत्ता नाही.

हे काम मलिक अंबरचं. आपल्याला शाळेत त्याच्याबद्दल दोन ओळी होत्या. हबशी, निजामशाहीचा वजीर, गनिमी कावा. माणूस इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून बाजारात विकला गेला, हातोहात विकला जात दख्खनेत पोहोचला, आणि शेवटी त्याने निजामशाही उभी धरून ठेवली. जहांगीर बादशहा त्याच्या नावाने दातओठ खात असे. 1624 च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. त्या लढाईतही त्याने पाण्याचाच उपयोग केला. तलावाचा बांध फोडून शत्रूच्या वाटेत चिखल करून ठेवला. पाणी कुठून कुठे जाईल हे ज्याला कळतं त्याला लढाईही कळते, असं आमच्यासारख्या पाटबंधारेवाल्यांना वाटलं तर रागावू नका.

1610 मध्ये त्याने खडकी नावाच्या गावाजवळ राजधानी वसवली. जागा चांगली होती, चोहीकडे डोंगर, दौलताबाद जवळ. अडचण एकच, पाणी. खाम नदी म्हणजे पावसाळ्यात नदी आणि उन्हाळ्यात नाला. राजधानीची वस्ती तिच्यावर जगणार नव्हती. मग उत्तरेच्या डोंगराच्या पायथ्याशी, हर्सूलच्या बाजूला जे पाणी जमिनीत मुरतं, ते जमिनीखालूनच शहरात आणायचं त्याने ठरवलं. असं सांगतात की त्याच्या दरबारातला मुल्ला मुहंमद नावाचा वजीर हसला, हे होणार नाही म्हणाला. आणि काम सव्वा वर्षात झालं. सव्वा वर्षात! इथे आपल्यापैकी काही निवृत्त इंजिनिअर बसले आहेत, त्यांना मी काही विचारत नाही.

त्याच सुमारास जगात काय चाललं होतं बघा. अ‍ॅमस्टरडॅमच्या ज्या कालव्यांचे फोटो आपण पाहिले, त्या वर्तुळाकार कालव्यांची खोदाई 1613 ला सुरू झाली. 1612 मध्ये आपल्या इथून हाकेच्या अंतरावर, सुवालीच्या समुद्रात, इंग्रज कॅप्टन बेस्टने पोर्तुगीजांशी लढाई केली आणि सुरतेत इंग्रजांचं बस्तान बसण्याची वाट मोकळी झाली. डचही 1616 च्या सुमारास सुरतेत वखार घालून बसले. त्याच वर्षी मोगलांनी खडकी लुटली आणि जाळली. म्हणजे अ‍ॅमस्टरडॅमचे कालवे ज्या व्यापाराच्या पैशावर रुंद झाले त्या व्यापाराचं एक टोक सुरतेत होतं; आणि सुरतेच्या मोगल बादशहाचा मोठा शत्रू तिकडे खडकीला जमिनीखाली नहर बांधत होता. अ‍ॅमस्टरडॅमचं कालव्यांचं वर्तुळ 2010 मध्ये जागतिक वारसा झालं. खडकीच्या नहरीवर लोकांनी संडास बांधले.

माफ करा, थोडं कडू बोललो. पण मी बघून आलो आहे.

आमचा मुक्काम होता माझ्या मामेसासऱ्यांकडे. त्यांच्या नातवाचं लग्न हे जाण्याचं निमित्त. लग्नाला दोन दिवस होते आणि घरात मांडवाइतकीच चर्चा पाण्याची. पाणी कधी येणार? कोणी म्हणे आज रात्री, कोणी म्हणे परवा. अंगणात निळे ड्रम रांगेत. मामा म्हणाले, "जावईबापू, तुम्ही पाण्याच्या खात्यातले, काहीतरी करा." मी म्हटलं, मामा, माझं खातं गुजरातचं आणि माझं पाणी शेतीचं. त्यावर मामी म्हणाल्या, "मग नुसते शेतात उभे राहा." असो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी आणि बिस्किटं पिशवीत घेऊन एकटाच निघालो. बायको म्हणाली, मकबरा बघायला चाललात का? मी म्हटलं, हो, वाटेत लागला तर.

नहर बघायची म्हणजे आमच्या खात्याची रीत एकच. मुखापासून सुरुवात करायची आणि शेवटच्या टोकापर्यंत चालायचं. हेड ते टेल. रिक्षाने हर्सूलला गेलो आणि तिथून शहराकडे तोंड करून चालायला लागलो. वरून काही दिसत नाही. पण जमिनीला उतार आहे आणि तो उतार पायांना कळतो. वीस-बावीस वर्षं नहेरीच्या बांधावर चालल्यावर पायात लेव्हल बसते, म्हटलं तरी चालेल.

काम कसं आहे ते सोप्या भाषेत सांगतो. डोंगराच्या पायथ्याशी पाऊस मुरतो आणि ते पाणी जमिनीखालून हळूहळू खाली सरकत असतं. त्याच्या वाटेत एक भुयार खणायचं. पाणी भुयारात पाझरतं. भुयाराला अगदी हलका उतार द्यायचा, इतका की पाणी वाहत राहील पण तळ उकरणार नाही. जास्त उतार दिला तर भिंती कापल्या जातात, कमी दिला तर गाळ साचतो. आज आम्ही लेव्हल मशीन घेऊनही यात चुकतो. मध्ये मध्ये वरपर्यंत उभ्या विहिरी ठेवायच्या, म्हणजे हवा खेळते आणि माणूस उतरून गाळ काढू शकतो. इराणात हीच रीत फार जुनी. बिदरला बहामनी काळातलं असंच भुयार आहे, अहमदनगरला निजामशाहीच्या नहरी होत्या, आणि तापीकाठच्या बुऱ्हाणपूरला आजही कुंडी भंडारा आहे, त्यात आता पर्यटकांना लिफ्टने खाली नेतात. आपल्यातल्या खानदेशी मंडळींनी तो पाहिलेला असेल. पुण्याला नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून पाणी आणलं, त्याच्या वाटेवरच्या उंच बांधकामांना पुणेकर उच्छ्वास म्हणतात. किती छान शब्द आहे! पाण्याने श्वास सोडायची जागा.

मोटर नाही, वीज नाही, डिझेल नाही. नुसता उतार.

हिमायत बागेच्या बाजूने, दिल्ली दरवाजाजवळून मी जुन्या शहरात शिरलो. तिथे एका गल्लीत माझं नशीब उघडलं. एका घराच्या ओट्याला लागून जुन्या विटांचं गोल कठडं दिसलं, वर लोखंडी झाकण. मी तिथे रेंगाळतो आहे हे बघून आतून एक म्हातारे गृहस्थ बाहेर आले. लुंगी, पांढरी दाढी. मला वाटलं आता हाकलतील. मी म्हटलं, चाचा, मी सुरतहून आलोय, नहेरीच्या खात्यात आहे. त्यांचा चेहराच बदलला. "नहर के मुलाजिम हो? आओ, आओ." मुलाजिम म्हणजे नोकर, पण त्यांनी तो शब्द असा उच्चारला की मला बढती मिळाल्यासारखं वाटलं. त्यांनी झाकण सरकवलं, एक खडा उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, टाका. मी टाकला. थोडा वेळ काहीच नाही. मग खालून आवाज आला. पाण्याचा.

चारशे वर्षं, मंडळी.

चाचा म्हणाले, त्यांच्या आजोबांच्या काळी घरातली बायकामाणसं इथूनच पाणी ओढत. मग नळ आले. नळ आल्यावर कोणी खाली उतरेना. गाळ काढणारे गेले. वर कोणी खोली बांधली, कोणी पाया खणताना नहर लागली तर दगड टाकून बुजवली, कोणी सांडपाण्याची नळी आत सोडली. "पानी तो अब भी चलता है," ते म्हणाले, "पर किसी के घर नहीं जाता."

हे वाक्य ऐकून मी ओट्यावर बसूनच गेलो. का, ते नंतर सांगतो.

तिथून पुढे किलेअर्कच्या बाजूने, भडकल दरवाजाखालून गेलो. हा दरवाजाही अंबरचाच, मोगलांवरच्या विजयाचा, 1612 च्या सुमाराचा. त्याच्याखालून आता रिक्षा आणि दुचाक्या जातात. मग पाणचक्की. ती अंबरच्या मागून आली. बुखाऱ्याकडून आलेल्या बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याची ही जागा. हर्सूलच्याच बाजूने वेगळी नहर आणून हे पाणी 1695 च्या सुमारास इथे खेळवलं गेलं, पुढे 1744 च्या सुमारास काम वाढलं. पाणी बंद नळातून येतं, एका उंच भिंतीवर चढतं आणि वरून हौदात पडतं. बघणारे विचारतात पाणी वर कसं चढलं. वर चढलेलं नाही, ते मुळातच त्याहून उंचावरून आलेलं आहे. नळात कोंडलेलं पाणी आपली मूळ उंची विसरत नाही. त्याच पाण्याच्या जोरावर खाली पात्यांचं चाक फिरायचं, वर जातं फिरायचं, आणि दर्ग्यात उतरलेल्या फकिरांचं, मुसाफिरांचं पीठ दळलं जायचं. हौदाच्या खाली मोठा दिवाणखाना आहे, म्हणजे हौदाचा तळ हेच त्याचं छप्पर. उन्हाळ्यात आपोआप गारवा. आपल्या हजीऱ्याच्या कॉलन्यांमध्ये एसीचं बिल किती येतं ते मी इथे काढत नाही.

औरंगजेबाच्या काळात आणि नंतरही अशा आणखी नहरी झाल्या, डझनभर तरी मोजतात. बेगमपुऱ्यात थत्ते हौद आहे, त्याची वेगळी थत्ते नहर. मकाई दरवाजातून पूल ओलांडून मी तिथेही गेलो. ऊन खूप झालं होतं. मकबरा लांबून पाहिला, बायकोला खोटं नको बोलायला.

पण मला शेवट बघायचा होता. अंबरची नहर जिथे संपते त्या ठिकाणाला गायमुख म्हणतात. विचारत विचारत गेलो. तिथे गेल्यावर कचरा होता, ओल होती, पाणी म्हणावं असं काही नव्हतं. एक दहा-बारा वर्षांचा मुलगा सायकल थांबवून म्हणाला, "अंकल, क्या ढूँढ रहे?" मी म्हटलं, पानी. तो हसला आणि म्हणाला, "इधर नहीं आता, उधर टंकी पे जाओ."

आता ओट्यावर का बसलो ते सांगतो.

नोकरीला लागून मला दोन-तीन वर्षं झाली असतील. डिप्लोमा करून नवीन नवीन लागलेला पोरगा. कुठल्या उपविभागात, ते जाऊ द्या. नहेरीला पाण्याची पाळी सोडली की टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, किती पाणी पोहोचलं ते रोज रजिस्टरात लिहायचं असतं. टेल बारा-चौदा किलोमीटर लांब, रस्ता चिखलाचा, मोटरसायकल सरकारी नाही. पहिल्या दिवशी गेलो. दुसऱ्या दिवशी गेलो. तिसऱ्या दिवशी हेडचा आकडा बघून टेलचा आकडा लिहिला. कोणी विचारलं नाही. मग रोज तसंच. कागदावर पाणी रोज शेवटपर्यंत पोहोचत होतं.

एक दिवस ओलपाडकडचा एक शेतकरी आला. वयस्कर, पांढरी टोपी. काही बोलला नाही. खिशातून रुमाल काढला, सोडला, आणि त्यातलं ढेकूळ माझ्या उघड्या रजिस्टरावर ठेवलं. भाताच्या खाचरातलं, कोरडं, भेगाळलेलं. म्हणाला, "साहेब, आ टेलनुं पाणी छे." आणि गेला. वर कुठे अर्ज केला नाही, तक्रार केली नाही. मला आजही वाटतं, केली असती तर बरं झालं असतं. शिक्षा झाली असती आणि मोकळा झालो असतो.

त्या वर्षी त्याचं भात गेलं. पाणी वर उसाने घेतलं होतं, चोरून लावलेल्या पंपांनी घेतलं होतं, ते खरंच. पण वेळेवर मी टेलचा खरा आकडा लिहिला असता तर वरची दारं दोन दिवस बंद करता आली असती. दोन दिवस पुरले असते.

त्यानंतर मी टेलला गेल्याशिवाय टेलचा आकडा लिहिलेला नाही. एवढंच. यात मोठेपणा काही नाही, तो माझा पगारच आहे. पण संभाजीनगरच्या त्या गल्लीत चाचा म्हणाले की पाणी चालतं पण कोणाच्या घरी जात नाही, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ते ढेकूळ आलं.

त्या रात्री दोन वाजता मामांच्या गल्लीत पाणी आलं. सगळं घर उठलं. वऱ्हाडी, नवरदेवसुद्धा बनियनवर बादल्या भरत होता. हे पाणी जायकवाडीहून येतं, पैठणहून, शहरापेक्षा सुमारे शंभर मीटर खालून, पंपाने वर चढवून. डोंगराचं पाणी आपणहून उताराने येत होतं ते बुजलं, आणि खालचं पाणी वीज जाळून वर आणायचं. एवढ्या मोठ्या शहराला आता त्या जुन्या नहरी पुरणार नाहीत हे मलाही कळतं, मी भाबडा नाही. धरणाशिवाय भागणार नाही. पण एकाच नळावर लाखो लोकांनी अवलंबून राहायचं आणि हातातलं दुसरं पाणी पुरून टाकायचं, हा हिशोब मला पटत नाही. आमच्या भाषेत याला स्टँडबाय काढून टाकणं म्हणतात.

तासाभराने धार बारीक झाली. मामांनी आपला शेवटचा ड्रम अर्धाच असताना नळ बंद केला. मी म्हटलं, मामा, भरू द्या की, लग्नघर आहे. ते म्हणाले, "गल्लीच्या टोकाला देशपांडे वहिनी एकट्या असतात. आपण बंद केल्याशिवाय त्यांच्याकडे चढत नाही." मामा बँकेतून निवृत्त. पाटबंधारे खात्याशी त्यांचा काही संबंध नाही.

मित्रांनो, आपण हजीऱ्याची माणसं. तापी मुलताईला उगम पावते, सातशे किलोमीटरहून जास्त चालते, बुऱ्हाणपूर, भुसावळ, उकाई, काकरापार करत आपल्या इथे समुद्राला मिळते. आपण या नदीचं टेल आहोत. 2006 च्या ऑगस्टमध्ये उकाईहून पाणी सुटलं तेव्हा ते आपल्या दारावरून गेलं, ते इथे बसलेल्या कोणालाही सांगायला नको. वरच्याने काय सोडलं ते टेलवाल्याला सर्वांत आधी कळतं आणि त्याला विचारत कोणी नाही.

आता गणपती जवळ आले आहेत म्हणून एक घरचीच गोष्ट, आणि मग थांबतो, चहा थंड होतो आहे. सुरतेतले मोठे गणपती विसर्जनाला आपल्या हजीऱ्याच्या समुद्रावर येतात. घरच्या गणपतींसाठी शहरात कृत्रिम तलाव असतात. तरीही अनंत चतुर्दशीनंतर दिंडोलीकडच्या नहेरीत दरवर्षी मूर्ती सापडतात. नहेरीत पाणी असतं कमरेएवढं. प्लास्टरची मूर्ती त्यात विरघळत नाही, बुडतही नाही. कोणाचा हात तुटलेला, कोणाची सोंड. काही तरुण मुलं त्या बाहेर काढून गाडीत घालून इथे समुद्रावर आणतात. मी त्या पाण्यात उतरलेलो आहे. ज्या बाप्पाला दहा दिवस मखरात बसवलं त्याला गाळातून खांद्याला धरून ओढताना काय वाटतं, ते मला इथे सांगता येणार नाही. आणि त्या मूर्ती जिथे अडकतात तिथून खाली पाणी जात नाही. टेलचा भात त्या दिवसांत पोटरीत आलेला असतो.

या मूर्ती परक्या लोकांच्या असतात असं समजू नका. मागच्या वर्षी एका पाटावर मराठीत आडनाव लिहिलेलं होतं. मी तो पाट धुऊन घरी आणून ठेवला आहे. कोणाचा असेल तर घेऊन जावा, मी नाव विचारणार नाही.

यंदाही चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे माझी ड्यूटी नहेरीवर आहे. सहापासून. कोणाला यायचं असेल तर जुने कपडे घालून या, चहा माझ्याकडून.